ओबट्टू खाऊन काढलेला फोटो

"स्वल्प थांबा, अक्का!" हे हंबीरअण्णांचं पालुपद; स्वल्प म्हणजे कानडीत थोडं. चिकपेटेजवळच्या एका इस्पितळात ते एक्स-रे काढायचे. मूर्ती बुटकी, पांढरा कोट पार घोट्यापर्यंत. पण माणूस लाखात एक!

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सणाचं जेवले की पोटात अशी कळ यायची, की मी भिंत धरून खालीच बसायचे. आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, शेजारणींना सांगायच्या, "भांड्यांचा ढीग बघितला की मालनचं पोट दुखतं!" संध्याकाळपर्यंत मी ठणठणीत, मग कोण विश्वास ठेवणार? दोनदा एक्स-रे झाला, दोन्ही वेळा स्वच्छ. आत्याबाई म्हणाल्या, "सोंगं पुरे. आता हिला कायमची माहेरी आनेकलला धाडा." माझं तर धाबंच दणाणलं.

हंबीरअण्णांनी मात्र मला विचारलं, "दुखतं कधी?"

"सणाचं जेवल्यावर."

"आणि इथं येता उपाशी, दुखत नसताना! मग फोटोत काय माझं डोकं दिसणार? युगादीला ओबट्टू हाणा, कळ आली की तश्शा जटक्यात बसा. सुट्टी असली तरी मी येतो. डॉक्टरांनाही सांगून ठेवतो."

ओबट्टू म्हणजे आपली पुरणपोळी, आणि युगादी म्हणजे आपला पाडवा. युगादीला मी चार हाणल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कळ येऊ दे म्हणून देवाला हात जोडले. आली! जटकेवाल्यानं घोडा पिटाळला. आत्याबाईही बसल्या शेजारी, माझं सोंग उघडं पाडायला.

हंबीरअण्णांनी खडूच्या पाण्यासारखं औषध पाजलं. थोड्या थोड्या वेळानं फोटो काढले, कुशीवर वळवूनही काढले. पोटभर पसरायची ती आतडी डावीकडे वर एकाच जागी गच्च गोळा झालेली, वळले तरी हलेनात. डॉक्टर बघतच राहिले. पोटातल्या पडद्याला जन्मापासून एक कप्पा होता म्हणे. जेवलं की आतडी त्यात शिरायची, मग आपली आपण बाहेर यायची. आतल्या आत हर्निया! "हा पोट उघडल्यावरच कळतो," डॉक्टर म्हणाले, "आज आधी सापडला." ऑपरेशनात कप्पा तिथंच निघाला. आतडी सोडवून त्यांनी तो शिवून टाकला.

आता दर युगादीला हंबीरअण्णा आमच्याकडे जेवतात. तो फोटो आत्याबाईंनी मागून घेतला, त्यांच्या ट्रंकेत रेशमी लुगड्याखाली असतो. गल्लीत कुणी सुनेला सोंगाडी म्हटलं, की फोटो घेऊन तरातरा निघतात.

"आधी हे बघ," म्हणतात. "चार वर्षं मीही हेच म्हणत होते गं."