तेराव्याचे पाय

मोहाच्या तेलाचा वास आला की मला डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावरचं पत्र्याचं चर्च आठवतं. नव्वदच्या दशकातला पवित्र गुरुवार होता आणि पाळक होऊन गावी परतल्यावरची माझी ती पहिलीच उपासना. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे मीही बारा जणांचे धुणार होतो, आणि शहापूरहून आलेल्या पाहुण्यांसमोर बरे दिसतील असे बारा मी आधीच निवडून ठेवले होते. बाबा आपणहून येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. भेगाळलेल्या टाचांना त्यांनी सकाळपासून तेल चोळलं होतं. एका पाहुण्याने विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "मंडळीतले आहेत एक," आणि बाबांकडे न बघताच सांगितलं, "बारा झाले, तुम्ही मागे बसा." ते मागे जाऊन बसले. मग परातीपुढे गुडघे टेकून मी नम्रतेवर इतकं सुंदर बोललो की पाहुण्यांचे डोळे पाणावले. सगळे गेल्यावर मी पायरीवर बसलो होतो, तर बाबा तीच परात ताज्या पाण्याने भरून घेऊन आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझा पाय हातात घेतला. "तू सगल्यांचे धुतलेस रे, तुझे कोनीच धुतले नाय," म्हणाले. बाबांचे पाय मी धुतले ते पुढे कित्येक वर्षांनी, त्यांना शवपेटीत ठेवण्याआधी. त्या दिवशी कोणी काही विचारलं नव्हतं, तरी येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, हे माझे बाबा.