बोटीवर धरलेली खुर्ची

बोट पहिल्यांदा दिसली तेव्हा मला ती बोट वाटलीच नाही. शनिवार पेठेत जुनं पाडून नवी सोसायटी बांधतात ना, तसली अकरा मजल्यांची इमारत कुणीतरी मुंबईच्या धक्क्याला आणून दोरानं बांधून ठेवली आहे, असं वाटलं. जावई गाडीतून बॅग काढत होता. त्याला म्हटलं, "ही तरंगते?"

तो म्हणाला, "बाबा, तरंगते म्हणूनच तिकीट काढलंय."

जावईही पुण्याचाच आहे.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या चिटणीसांनी सांगितलं की बोटीवर कसं वागावं, काय न्यावं, हे अंकासाठी लिहून द्या. म्हणून लिहितो आहे. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं आयुष्य कसबा पेठेत तांब्याची भांडी मठारण्यात गेलं (मठारणं म्हणजे हातोडीनं एकसारखे ठोके देत भांडं घट्ट करणं). त्या ठोक्यांनी उजवा कान गेला, त्यामुळे मी मोठ्यानं बोलतो. भांडत नसतो. बोटीवर हे पुष्कळांना सांगावं लागलं.

खरं तर मी जाणार नव्हतो. माझी बायको शालन श्रावणात गेली. त्यानंतर मी दुकानात बसायचो, हातोडी हातात घ्यायचो आणि तसाच बसून राहायचो. लेक मनीषानं हे दोनचार वेळा पाहिलं आणि सरळ बोटीचं तिकीटच आणून हातात दिलं. मुंबई, एक दिवस नुसता समुद्र, मग गोवा, मग परत मुंबई. गल्लीतले लोक म्हणाले, काकूंची बोटीत बसायची इच्छा राहिली असेल, म्हणून चाललेत. साफ खोटं. शालनला खंडाळ्याच्या घाटात एसटी लागायची. ती सारसबागेतल्या झोपाळ्यावर कधी बसली नाही, ती बोटीत काय बसणार? असती तर म्हणाली असती, "तुम्ही जा. मी इथं सुखी आहे."

आता कामाचं. मोठी बॅग धक्क्यावरच काढून घेतात आणि ती खोलीच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते. तेव्हा गोळ्या, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या. खोलीबाहेर स्टूल नव्हतं म्हणून मी जमिनीवरच बसून बॅगेची वाट पाहिली. येणारेजाणारे मला बघून बाजूनं जात होते.

बोट सुटायच्या आधी सगळ्यांना एका मजल्यावर उभं करून तरंगायचं जाकीट कसं घालायचं ते शिकवतात. ते नीट बघा. निम्मे लोक त्या वेळी फोटो काढत होते. माझ्या शेजारच्या गृहस्थानं स्वतःचे वीसेक फोटो काढले आणि शेवटी मला विचारलं, "काका, हा पट्टा कुठून घ्यायचा?" मी म्हटलं, "फोटोत बघा."

जेवणाबद्दल लोकांची मतं फार. सुरतेचे एक जण म्हणाले डाळीत गोड नाही, सोलापूरच्या बाई म्हणाल्या डाळीत तिखट नाही. मला डाळ बरी वाटली. एवढं कळलं की ताटात डोंगर करू नये. पुन्हा उठून आणता येतं, कुणी हात धरत नाही. मांडून ठेवलेली भांडी तांब्याची दिसली म्हणून मी एक वाजवून पाहिलं. आत स्टील, वरून नुसता रंग. तिथल्या आचाऱ्याला तसं सांगितलं. तो हिंदीत म्हणाला, "अंकल, खाना असली है." मग मी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या डेकवर (बोटीची उघडी गच्ची) गेलो. चहूकडे पाणी, आणि त्यावर ऊन पडून ठोकलेल्या पत्र्यासारखे लाखो चट्टे. कठड्याला लागून एक आणि तिच्या आत एक, अशा दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी आतल्या खुर्चीवर बसलो, खिशातून रुमाल काढला आणि कठड्याकडच्या खुर्चीवर टाकला.

टाकल्यावर कळलं, काय केलं ते.

याला सवय म्हणतात. एकेचाळीस वर्षं मी एसटीत असंच केलं. शालनला पुढची, खिडकीची जागा लागायची, नाहीतर तिला त्रास व्हायचा. गाडी फलाटाला लागली की मी गर्दीत घुसायचो, खिडकीच्या जागेवर रुमाल टाकायचो, आणि ती मागून पिशव्या सांभाळत सावकाश यायची. कुणी विचारलं तर म्हणायचं, "येतीये, मागून येतीये." रुमालही तिनंच शिवलेला. पांढरा, कडेला हिरवा दोरा, एका कोपऱ्यात माझ्या कल्हईचा डाग.

तो उचलायला हवा होता. मी उचलला नाही. तो तिथं असताना मला बरं वाटत होतं. श्रावणापासून पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

तेवढ्यात एक बाई आल्या. मागे काठी टेकत त्यांचे यजमान. नागपूरचे वानखेडे. बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, हे त्यांनी न सांगताही कळलं असतं.

"इथं कोणी बसलंय का?"

"बसलंय."

"कोण?"

"येतीये, मागून येतीये."

त्या गेल्या. तासाभरानं परत आल्या. "अहो भाऊ, अजून येऊनच राहिल्या का त्या? यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. यांना समुद्र पाहायचा आहे, आणि कठड्याशी एकही खुर्ची नाही."

"येतीये म्हटलं ना!" माझा आवाज चढला. या वेळी कानामुळे नाही.

वानखेडे साहेब मागून म्हणाले, "जाऊ द्या हो. समुद्र तिकडूनही तोच दिसते."

"तुम्ही गप राहा," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तिथं पाटी लावली आहे, वाचा. माणूस अर्धा तास नसला तर खुर्चीवरच्या वस्तू उचलून नेतात. टॉवेल टाकून खुर्च्या धरणं हे काही बरं नाही."

"टॉवेल नाही, रुमाल आहे," मी म्हटलं.

त्या अशा बघत राहिल्या की मला सातवीचा वर्ग आठवला. पण रुमाल मी उचलला नाही. दिवसभर तिथंच बसलो. चहासुद्धा तिथंच मागवला.

तिसऱ्या दिवशी गोवा. उतरताना बोटीचं कार्ड गळ्यात ठेवा आणि परत यायची वेळ हातावर लिहून घ्या, बोट कुणासाठी थांबत नाही. मी उतरायच्या आधी डेकवर गेलो आणि रुमाल त्याच खुर्चीवर टाकून, वाऱ्यानं उडू नये म्हणून खुर्चीच्या पट्टीत खोचून आलो. पाटी वाचली होती. तरी खोचला.

बाकीचे लोक बसमधून देवळं आणि चर्च बघायला गेले. मी धक्क्यामागच्या एका गल्लीत छोटी खाणावळ शोधली. चालवणारी बाई माझ्याच वयाची. म्हणाली, "कितें जाय?" (काय हवं?) मी शेजारच्या ताटाकडे बोट दाखवून शीत, कडी आणि तळलेला बांगडा मागितला (शीत म्हणजे भात, कडी म्हणजे माशाचं कालवण). या प्रवासातल्या सगळ्या जेवणांत ते जेवण पहिल्या नंबरचं. हात धुवायला मागे गेलो तर परसात विझलेल्या चुलीवर रिकामं भाण होतं (अंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं). बोटानं वाजवलं. अस्सल. कुणा जुन्या कारागिराचा हात होता, एकही ठोका दुसऱ्यावर चढलेला नाही. मी तिथंच उकिडवा बसून बघत राहिलो, तेव्हा ती बाई हसायला लागली. तिच्या आजेसासूचं होतं म्हणाली. बुडाला एक पोचा होता. मी तिच्याकडे दगडी वरवंटा मागितला आणि आतून चार टोले देऊन पोचा काढून दिला. श्रावणानंतर हातानं केलेलं ते पहिलं काम.

तिनं खूश होऊन सोलकढी आणली आणि विचारलं, "बायल येवंक ना?" (बायको नाही आली?)

मी म्हटलं, "आलीये. बोटीवर खुर्ची धरून बसलीये."

इतकं सहज म्हटलं की माझं मलाच खरं वाटलं. परत येताना मी चक्क भराभर चालत होतो.

डेकवर गेलो तर खुर्ची रिकामी. पट्टीत खोचलेला रुमाल नाही. मी खुर्चीखाली पाहिलं, कठड्यावरून खाली पाण्यात पाहिलं. तिथल्या सफाईवाल्याला विचारलं. मोठ्यानंच विचारलं असणार, कारण तो दोन पावलं मागे सरला. म्हणाला, वस्तू पाचव्या मजल्यावरच्या काउंटरला जमा होतात. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरलो. या वयात असं करू नका.

काउंटरवर गणवेशातला एक सभ्य माणूस होता. मी रुमालाचं वर्णन केलं. त्यानं एका डब्यातून तो काढला. नीट घडी घातली होती कुणीतरी. मग एक कागद पुढे केला.

"किसका है, सर?"

"मेरे मिसेस का."

"तो मॅडम को साइन करने भेज दीजिए."

"मॅडम नहीं आएगी."

"तबियत ठीक नहीं है?"

मी म्हटलं, "अब ठीक है. अब कुछ दुखता नहीं उसको."

त्यानं वर पाहिलं. कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि रुमाल दोन्ही हातांनी मला दिला. मी वळलो तर मागे वानखेडे बाई उभ्या. साहेबांची टोपी हरवली होती, ती घ्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. टोपी न मागताच त्या परत फिरल्या.

मी डेकवर जाऊन बसलो. ऊन उतरायला लागलं होतं. शेजारची खुर्ची रिकामी आणि रुमाल माझ्या मुठीत. टाकावासा वाटत होता. वानखेडे साहेब लांब, चहाच्या टपरीसारख्या एका आडोशाला काठीवर भार देऊन उभे होते, मान उंचावून समुद्र बघत होते. मी उठलो आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे गेलो.

"साहेबांना आणा. खुर्ची आहे."

"आणि त्या?"

"ती आज नाही येत म्हणाली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "बरं. त्यांना आमच्याकडून थँक्यू सांगा."

वानखेडे साहेब आले, बसले, पाय लांब केले. सूर्य बुडेपर्यंत आम्ही दोघं बसलो. साहेब फक्त एकदा बोलले, "बाप रे, केवढं पाणी!" बाई आमच्या मागे उभ्या राहून आम्हा दोघांनाही शाली घ्यायला सांगत होत्या.

एक कामाची गोष्ट राहिली. बोट लागते का, असं सगळे विचारतात. मला लागली नाही. पण खिशात आलेपाक होता. तो नेहमीच असतो. साहेबांना थोडं गरगरलं तेव्हा एक वडी दिली, ते सावरले. तेव्हा आलेपाक न्या.

चौथ्या दिवशी सकाळी मुंबई. जावई घ्यायला येतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं. टॅक्सी केली आणि एसटी स्टँडवर गेलो. शालन गेल्यापासून एसटीत बसलो नव्हतो. पुण्याची गाडी लागली. या वयातही मी तिसरा चढलो. पुढून दुसरं बाकडं मिळालं. खिडकीच्या जागेवर रुमाल टाकला आणि मी इकडे, वाटेच्या बाजूला बसलो.

गाडी भरली. एक तरुण बाई आली, खांद्याला लॅपटॉपची बॅग. "काका, इथे कोणी येतंय का?"

तोंडात आलं होतं, येतीये, मागून येतीये. मी दरवाज्याकडे पाहिलंसुद्धा. लोक चढत होते, पिशव्या घेऊन.

"नाही," मी म्हटलं. "आता कोणी येणार नाही. बसा."

ती म्हणाली, "मग तुम्ही आत सरका ना, मला पनवेलला उतरायचंय."

मी रुमाल उचलून खिशात ठेवला आणि सरकलो.

पनवेलला ती उतरली आणि पुढे घाट सुरू झाला. दिवस उन्हाळ्याकडे झुकलेले, डोंगर वाळून पिवळे पडलेले, पाण्याचा थेंब नाही. एकेचाळीस वर्षं हा घाट माझ्यासाठी शालनच्या अंबाड्याच्या पलीकडेच राहिला. ती डोळे मिटून, आलेपाक चघळत, खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसायची. मध्येच डोळे न उघडता विचारायची, "संपला का हो?" आणि मी बाहेर न बघताच म्हणायचो, "थोडा राहिला."

या वेळी मी बघितला. पुष्कळ मोठा आहे. खाली दरी आहे, दरीत एक लहान वस्ती आहे, तिथं कुणीतरी कपडे वाळत घातले होते. वरच्या वळणावर पळसाची तीन झाडं लालभडक. हे सगळं इतकी वर्षं तिथं होतं आणि आमच्या दोघांतल्या एकानंही पाहिलं नव्हतं.

लोणावळा आलं तेव्हा मी म्हटलं, "संपला." मोठ्यानंच म्हटलं असणार, कारण पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं. त्याला मी एक आलेपाकाची वडी दिली.