काळ्या दोऱ्याची स्टिक

ड्रमस्टिक जमवणाऱ्यांत बसलं की किस्से आपोआप साठतात. स्टिक विकत घ्याव्या लागतात, किस्से फुकट मिळतात. आम्ही तिघं आहोत: मी, पाटणकर आणि उरणजवळच्या मोऱ्याचे मुकादमभाई. जुन्या काळच्या नामांकित जॅझ ड्रमरांची सही छापलेल्या स्टिक आम्ही जमवतो. तिघांपैकी एकालाही ड्रम वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बैठक दर रविवारी सानपाड्याला, माझ्या घरी.

*

सुरुवातीला पाटणकरांनी परदेशातून एक जुनी जोडी मागवली. लाकूड मळकट दिसलं म्हणून त्यांनी प्रेमाने पॉलिशपेपर मारला, वर वॉर्निश चढवलं आणि रविवारी ऐटीत टेबलावर ठेवली. आम्ही सही शोधतोय, शोधतोय, सापडेना.

मुकादमभाई शांतपणे म्हणाले, "पाटणकर, छान झाल्यात. आता तुमीच सही करा."

*

आमच्यात एक रिवाज आहे. नवीन स्टिक आली की आधी काचेच्या टेबलावर लोटायची. सरळ असेल तर गुमान घरंगळते, वाकडी असेल तर थरथरते. त्याची सवयच लागते.

पाटणकर मुलासाठी मुलगी बघायला ऐरोलीला गेले. तिथे काचेच्या डायनिंग टेबलावर पुऱ्या लाटणं चाललं होतं. यांनी लाटणं उचललं, काचेवर लोटलं, वाकून निरखलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जरा वाकडं आहे."

लग्न जमलं. सून माहेराहून तेच लाटणं घेऊन आली!

*

माझी सगळ्यात जुनी स्टिक एकदा कपाटातून गायब झाली. दोन दिवस घर पालथं घातलं, जेवण गोड लागेना. शेवटी सापडली ती सरकत्या खिडकीच्या खाचेत. बाहेरून कोणी उघडू नये म्हणून बायकोने आडवी घातली होती.

मी भडकलो. ती म्हणाली, "तुमच्या एवढ्या काठ्यांत हीच एक मापात बसली."

*

आता मुकादमभाईंचा किस्सा.

त्यांचे अब्बा मोऱ्याहून लाँचने मुंबईला जायचे आणि एका हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. त्यांच्या लाडक्या जोडीतली एक स्टिक लाँचमधून पाण्यात पडली. उरली ती मुकादमभाईंकडे. हातातून निसटू नये म्हणून अब्बांनी तिच्या बुडाला काळा दोरा गुंडाळलेला.

मला त्याच ड्रमरच्या सहीची, त्याच मापाची एक सुटी स्टिक दिघ्याला भंगारवाल्याकडे मिळाली. आम्ही दोन्ही टेबलावर वाजवून पाहिल्या. आवाज अगदी एक! तिथूनच भांडण सुरू झालं. जोडी दोघांनाही हवी, द्यायला कोणीच तयार नाही. "अब्बांची हाय, कशी देनार?" हे त्यांचं. मी चौदा वर्षं शोधलीय, हे माझं. चार वर्षं दर रविवारी हेच.

गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. भेटायला मोऱ्याला गेलो, तेव्हा माझी स्टिक पिशवीत घालून नेली. भाई निम्मे झाले होते. मी स्टिक काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी उशाची आपली काढली आणि दोन्हींनी हलकेच मांडीवरच्या उशीवर वाजवायला लागले. ताल साफ चुकत होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं. एवढी वर्षं आपण कशासाठी भांडलो, याची मला लाज वाटली.

भाभींनी चहाला आत बोलावलं, तेव्हा पिशवी भाईंच्या पलंगाशीच ठेवून गेलो. परत आलो तर भाई डोळे मिटून पडले होते. अंगावरच्या चादरीवर एकटी माझी स्टिक होती. त्यांनी आपली जागेवर ठेवली असेल, असं समजून मी माझी हळूच त्यांच्या उशाखाली सरकवली आणि निघालो. जिना उतरताना फार हलकं वाटलं.

घरी येऊन भाभींनी दिलेला डबा काढायला पिशवी उघडली. डब्याच्या बाजूला एक स्टिक होती. बुडाला काळा दोरा होता.