आधी हे जगेल का ते सांग

खरं सांगते, त्या दिवसांत मी देवीशी बोलणं टाकलं होतं. सौदीतल्या जेद्दाच्या दक्षिणेकडच्या एका वस्तीत, आफ्रिकेतून आलेल्या आयांची माहिती एका पाहणी प्रकल्पासाठी गोळा करण्याचं काम आम्हा नर्सेसकडे होतं. मुलं किती, दोन बाळंतपणांत अंतर किती, लसी टोचल्या का. बहुतेकींकडे इकामा नाही, म्हणजे राहायचा परवानाच नाही. मग दवाखाना कुठला? पोरं जुलाबाने सुकत होती आणि मी उत्तरं टॅबवर नोंदत होते. घरी कपाटातल्या कुलदेवीच्या तसबिरीपुढे निरांजन लावायचे तेही रागानेच. शेवटी तेही बंद केलं.

त्या आयांतलीच एक हव्वा, मूळची चाडची. तिच्या मांडीवर तान्हा इद्रिस निपचित पडला होता. मी सवयीने विचारलं, "अजून किती मुलं हवीत?" तिने नजर रोखली. "आधी हे जगेल का ते सांग. मग पुढचं विचार."

त्याच्या पोटाची कातडी चिमटीतून सोडली तरी तशीच उभी राहिली, इतकं अंगातलं पाणी आटलं होतं. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं, तेही त्याने ओकून टाकलं. आमचे प्रकल्पप्रमुख डॉक्टर दारातूनच म्हणाले, "सिस्टर, हम यहाँ सिर्फ सवाल पूछने आए हैं." माझं डोकं भणाणलं. टॅब त्यांच्या हातात कोंबला, मायलेकरांना टॅक्सीत घातलं आणि जवळचं खाजगी हॉस्पिटल गाठलं. काउंटरवर एकच प्रश्न: इकामा? नाही? मग खलास.

बाहेर पार्किंगमध्ये, रणरणत्या उन्हात मी आभाळाकडे बघून मराठीत ओरडले, "आई म्हणवतेस ना गं? लाज नाही वाटत तुला?"

ड्रायव्हरबरोबर गाडीकडे निघालेली एक म्हातारी सौदी बाई थबकली. "कोणावर ओरडतेस?" तिने अरबीत विचारलं.

"देवावर," मी फणकाऱ्यानेच म्हणाले.

"ओरड. त्याला ऐकू येतं. पण लेकराला आधी उन्हातून आत घे." तिने गाडीचं दार उघडलं.

सरकारी इस्पितळात तिने काठी आपटून सगळ्यांना कामाला लावलं. "आधी सुई लावा, कागद मग मागा!" इद्रिसला सलाईन लागलं, मी वळून पाहिलं, तर बाई निघून गेलेली. नावही विचारायचं राहिलं.

दोन-तीन दिवसांनी इद्रिस भुकेने रडला, अख्खा वॉर्ड दणाणून सोडला त्याने. हव्वा हसली, मग हळूच म्हणाली, "आता लगेच दुसरं नको. काय करू?" मी तिच्याजवळ बसून सगळं नीट समजावलं. त्या प्रकल्पातून मला काढलं. त्याचं दुःख नाही, दुसरीकडे काम धरलं.

ती बाई कोण, कोणी पाठवली, याचा खल मी करत नाही. तिचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही. त्या काउंटरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो गिळून शहाण्यासारखं हात जोडणं मला जमत नाही. आता देवीपुढे बसते ती भांडायलाच. भांडून झालं की म्हणते, माझ्या हातून होईल तेवढं मी करते, बाकीचं तू बघ. आणि उठून ड्यूटीला जाते.