पॉवर हाऊसचा शेवटचा कामगार

आमच्या थोरल्या दिरांना मी तोंडावर भाऊजी म्हणते. पाठीमागे अख्खी कामगार वसाहत त्यांना भोंगा म्हणायची, कारण आवाज मोठा आणि वेळ बघायची ती फक्त दुसऱ्यांची. धक्क्यावरच्या पॉवर हाऊसमध्ये त्यांची हयात गेली. गेली म्हणजे फाटकाशेजारच्या खिडकीत, पंख्याखाली. कोण उशिरा आलं ते बघून लाल फुली मारायची, एवढंच काम. बॉयलर हाऊसमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. राखेनं शिंका येतात म्हणे!

माझा नवरा, म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, तिथेच फिटर होता. एकदा आमच्या मुलीला ताप होता म्हणून त्याला जरा उशीर झाला, तर भाऊजींनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "नियम म्हणजे नियम." मोठ्या साहेबाचा मेहुणा दुपारी उगवायचा, तेव्हा तोच नियम चहा प्यायला जायचा.

पुढे पॉवर हाऊस बंद पडलं. कित्येक वर्षं तिथे कबुतरांशिवाय कुणी फिरकलं नाही. मग एका कंपनीनं ती जागा घेतली. टर्बाइन हॉलमध्ये दुकानं, कोळशाच्या कोठारात पोहण्याचा तलाव, वर पाण्याकडे तोंड केलेले फ्लॅट. ज्या चिमणीनं जन्मभर आमची धुणी काळी केली, तिला म्हणे गुलाबी दिवे लागणार होते.

आता कंपनीला हवा होता एक जुना कामगार, येणाऱ्या-जाणाऱ्यांना आठवणी सांगायला. कंपनीत काम करणारी एक मुलगी आधी आमच्याकडे आली. गोड होती, काय बोलायचं ते पाठ करून आली होती.

"काका, तुमची एखादी सुंदर आठवण?"

"राख," नवरा म्हणाला. "केसांत राख, जेवणात राख, अंथरुणात राख. अजून खोकतोय. ऐकवू?"

ती कसनुसं हसली, पाणी प्यायली आणि उठली. समोरच्या दारात भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून उभेच होते. "या, या! आमच्या पॉवर हाऊसबद्दल किती सांगू तुम्हाला!"

अशा रीतीनं भाऊजी पॉवर हाऊसचे 'शेवटचे कामगार' झाले. कंपनीनं त्यांना निळा डगला दिला, तेलाच्या डागांसकट. जाऊबाई तो भिजवून घासत बसल्या, घासत बसल्या, डाग काही हलेनात. निरखून बघतात तर छापलेले.

डगला मिळाला, पण त्याच्या आत भरायला काही नव्हतं. म्हणून भाऊजी आमच्याकडे आले. "काय रे, भट्टीत कोळसा घालायच्या आधी तुम्ही काय करायचात?"

नवऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "दाराला कान लावायचा आणि विचारायचं, आई, भूक लागली का? आतून हुंकार आला की मगच कोळसा."

"खरंच?"

"दादा, उभा जन्म फाटकावर काढलास आणि हे माहीत नाही?"

"माहीत आहे रे," भाऊजी घाईनं म्हणाले, "आपली खात्री करून घेत होतो."

उद्घाटनाला आम्हालाही बोलावणं आलं. गेलो. भट्टीच्या जागी झकपक हॉटेल, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत: 'आई, भूक लागली का?' खाली महागडे बूट घातलेली माणसं रांग लावून उभी. एकेक जण पुढे जाऊन भट्टीच्या जपून ठेवलेल्या थंडगार लोखंडी दाराला कान लावत होता, डोळे मिटून विचारत होता. शेजारी भाऊजी, भटजीसारखे गंभीर.

नवऱ्याला आधी हसू फुटलं. हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि तो त्या दाराला टेकला. एका बाईंनी त्याला हळूच सांगितलं, "काका, टेकायचं नसतं. कान लावायचा असतो."

तो तडक कंपनीच्या त्या मुलीकडे गेला. "अगं, थट्टा होती ती माझी. असलं कुणी काही विचारत नव्हतं."

"किती गोड!" ती म्हणाली. "एवढ्या कष्टांतसुद्धा तुम्ही लोक थट्टा करायचात!"



मग आमची वसाहत पाडायची निघाली, नव्या फ्लॅटवाल्यांच्या गाड्यांना जागा हवी म्हणून. दारोदार फिरून लोकांना पटवलं ते भाऊजींनीच. "कंपनी आपलीच आहे." वरचा एक फ्लॅट आपल्याला मिळणार, असं त्यांनी मनातल्या मनात धरून ठेवलं होतं. मिळाला एक फोटोचा पास, आयुष्यभर आत फुकट सोडण्याचा. तो त्यांनी आम्हाला कौतुकानं दाखवला! दोन्ही घरं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, तिथेही समोरासमोर. तिथून दोन बस बदलून भाऊजी शेवटचा कामगार व्हायला जातात.

परवा संध्याकाळी ते पुन्हा आले. मागोमाग जाऊबाईही येऊन बसल्या. "लोकांना आता नवीन काहीतरी हवंय. सांग ना एखादं."

या वेळी नवऱ्यानं थट्टा केली नाही. आमच्या शेजारचा वेल्डर वाफेची नळी फुटून कसा गेला, ते त्यानं सांगितलं. वाफेत पुढचं काही दिसत नव्हतं, नुसत्या आवाजावरून दोघातिघांनी त्याला ओढून काढलं, तोवर उशीर झाला होता. "आणि त्याची बायको धावत फाटकावर आली, तर दादा, तू तिला आत सोडलं नाहीस. दिवस मावळेपर्यंत बाकावर बसवून ठेवलीस. कुणी तिला काही सांगितलंही नाही. आठवतं?"

"आठवतं ना," भाऊजी म्हणाले. थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. "पण हे नाही चालायचं रे. तिथे लोक जेवत असतात."

जाऊबाई आयुष्यात नवऱ्याला उलटून बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, पदर खोचला. "मग उद्यापासून तुम्हीही तिथेच जेवा."

भाऊजी हसले. बायकोनं पहिल्यांदाच विनोद केला, असं त्यांना वाटलं.

सकाळी दोन्ही घरांची दारं उघडी होती. जाऊबाई खिडकीशी पेपर वाचत बसल्या होत्या, चूल थंड. भाऊजी रिकाम्या ओट्यासमोर जरा वेळ उभे राहिले, एक-दोनदा खाकरले. मग घड्याळ बघितलं आणि बस चुकेल म्हणून लगबगीनं जिना उतरले.