हेल्मेटच्या विरुद्ध बाजूने

मी जन्माची काळजीखोर. कुलूप लावून खाली उतरले की गॅस बंद केला का, हे बघायला पुन्हा जिना चढणारी. माझा नवरा म्हणायचा, "तुला काळजी करायला काही उरलं नाही, तर काहीच कसं उरलं नाही याची काळजी करत बसशील." मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि हे रोज सकाळी सायकलवरून एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत जायचे. तिथे ते क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. तयार मालाच्या लॉटमधून सॅम्पल काढायचं, तपासायचं आणि लॉट पास की रिजेक्ट ते सांगायचं, हे त्यांचं काम. घरीही तीच सवय. आमटी पातेलीभर असली तरी चमचाभर चाखून "पास" म्हणायचे. मी एखादी गोष्ट ठासून सांगितली की पहिला प्रश्न, "किती सॅम्पलवरून म्हणतेस?"

त्यांच्या वाटेवर टेम्पो, टँकर, बाजूला उघडी गटारं. हे खालून घंटी वाजवून निघाले की कंपनीत पोचले असतील एवढा वेळ जाईपर्यंत माझं कशातच लक्ष लागायचं नाही. त्यातच कुठल्याशा मासिकात एक लेख वाचला. डोक्याला मार लागून दवाखान्यात येणाऱ्या सायकलवाल्यांत हेल्मेट न घातलेलेच जास्त असतात, असं त्यात होतं. मी तो लेख त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

जेवता जेवता त्यांनी वाचला आणि म्हणाले, "अगं, रस्त्यावर बिनहेल्मेटवालेच जास्त असतील, तर दवाखान्यात तेच जास्त दिसणार. डोंबिवलीत तर शंभरातले शंभर तेच! यावरून हेल्मेटचं काय कळलं?"

"आणि जे दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत, त्यांचं काय?" मी म्हणाले.

त्यावर त्यांनी आणखी भात वाढून घेतला. पण दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन आले. हेल्मेट घालणारी माणसं मुळातच सांभाळून चालवणारी असतात. तेव्हा डोकं वाचतं ते टोपीमुळे की स्वभावामुळे, ते कसं ठरवायचं? मी म्हटलं, तुमचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून टोपीच बरी. हा वाद आमच्याकडे लोणच्यासारखा मुरला. रोज जेवताना थोडाथोडा निघायचा.

माझा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याच्याकडे मी सेंट मागितलं नाही की चॉकलेटं मागितली नाहीत, सायकलचं हेल्मेट मागितलं. त्याने कुठल्याशा बंदरावरून आणलं. पांढरं, थर्माकोलसारखं हलकं, वर पातळ प्लॅस्टिक. त्याचा बंद हनुवटीखाली आवळायचा. आमच्या भागात तशी वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. हे आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी हे घालून एमआयडीसीत गेलो तर लोक समजतील, टँकर फुटलाय आणि मी त्याची तपासणी करायला आलोय."

मी शपथ घातली. गळ्याची शपथ, साधीसुधी नाही. ते नास्तिक, पण शपथेपुढे त्यांचं काही चालायचं नाही. हेल्मेट घालून जाऊ लागले. नाक्यावरची पोरं "ओ अंतराळवीर" म्हणून ओरडायची. डोक्याला ते जरा मोठंच होतं, सारखं कपाळावर घसरायचं. आत कपड्याची घडी घालून देते म्हटलं, तर "राहू दे, सवय होईल" म्हणाले.

थंडीच्या दिवसांतली सकाळ होती. हे निघून फार वेळ झालेला नव्हता, मी अजून घरात अस्वस्थ फिरत होते, तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. रिक्षावाला ओळखीचा होता, जवळच्याच गावातला. त्याने यांना धरून वर आणलं. भुवईवर पट्टी, शर्टावर रक्त, आणि त्याच्या दुसऱ्या हातात हेल्मेट. एका बाजूने तडकून त्याची खपली निघालेली.

"वैनी, घाबरू नका. डाक्टरकडं नेऊनच आणलंय," तो म्हणाला.

मी घाबरले. सांगून कोणी थांबतं का!

खड्डा चुकवताना सायकल कलंडली आणि डोकं कडेच्या दगडावर आपटलं, एवढं त्याच्याकडून कळलं. डॉक्टरांनी टाके घातले होते, फोटो काढला होता, हाड शाबूत होतं. पण आत काही झालंय का, ते फोटोत दिसत नाही म्हणे. ते बघायचं मशीन आमच्याकडे नव्हतं, ना कल्याणला. मुंबईपर्यंत न्यावं लागलं असतं. डॉक्टरांनी चिठ्ठी न देता तोंडीच निरोप दिला होता. आज दिवसभर झोपू देऊ नका. बोलतं ठेवा. उलटी झाली, जीभ जड झाली किंवा उठवून उठले नाहीत, तर लगेच घेऊन या. मी संध्याकाळी येऊन बघतो.

"सायकल कुठंय?" यांनी विचारलं.

"माझ्या घरी हाय साहेब. पुढचं चाक वाकडं झालंय," रिक्षावाला म्हणाला.

"बरं," हे म्हणाले. कॉटवर बसले. पाणी प्यायले. मग माझ्याकडे बघून पहिल्यांदाच विचारावं तसं म्हणाले, "सायकल कुठंय?"

मी उत्तर दिलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा उत्तर दिलं. चेहऱ्यावर तीच उत्सुकता, आवाजही तोच. रिक्षावाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दवाखान्यात पन हेच इचारत व्हते. डाक्टर बोलले, होतं असं. उद्यापर्यंत बघायचं."

उद्यापर्यंत! जो माणूस मागच्या महिन्यातल्या लॉटचे नंबर सांगायचा, त्याच्या डोक्यात आता एक उत्तर टिकत नव्हतं. उद्याही टिकलं नाही तर? मुलगी शाळेत होती. तिला परस्पर तुमच्याकडेच न्या, असं मी शेजारच्या वहिनींना सांगितलं. बापाने तिला दोनदा नाव विचारलं असतं, तर मला सोसलं नसतं.

आमच्या इमारतीत माणूस आजारी पडला की बघायला यायची पद्धत होती. कोणी दाराची बेल वाजवत नसे, दार उघडंच असे. सगळ्यात आधी आले तळमजल्यावरचे काका, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तडकलेलं हेल्मेट हातात फिरवलं आणि निकाल दिला, "ही टोपी नसती तर आज वेगळंच ऐकायला मिळालं असतं. वहिनी, तुम्ही वाचवलंत त्यांना."

वर्षभर मी हेच ऐकायला आसुसले होते. पण यांचे डोळे मिटायला लागले होते. तोवर जमलेले सगळे "हो ना, हो ना" म्हणत होते आणि त्या हो ला हो मध्ये यांची मान छातीवर उतरत होती. मी हाक मारली, खांदा हलवला. "हं," म्हणाले आणि पुन्हा मिटले.

तेव्हा रिक्षावाला दारातूनच म्हणाला, "काका, पन मी बगलं ना. सायेब एका हातानी टोपी सावरत व्हते. ती डोल्यावर आली व्हती. म्हनून तर खड्डा दिसला नाय. टोपी नसती तर पडलेच नसते!"

यांचे डोळे उघडले. "एक मिनिट," ते म्हणाले. "तू मागून येत होतास की पुढून?"

"मागून."

"मग मागून तुला डोळ्यांवर आलेली कशी दिसली?"

खोलीत हशा पिकला. काकांनी रिक्षावाल्याची बाजू घेतली, मग स्वतःचीच बाजू घेतली. हे बसल्या जागी सरसावले. अर्धा तास अस्सल वाद झाला. टोपीने वाचवलं की टोपीने पाडलं? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. आधी मला संताप आला, माणूस मरता मरता वाचलाय आणि यांना वाद सुचतोय! मग हळूहळू लक्षात आलं की वाद चालला की हे जागे असतात आणि सगळ्यांचं पटलं की झोपतात. औषध मला सापडलं होतं.

पण दुपार झाली. डोंबिवलीत दुपारी कोणीही कितीही तब्येत बघायला आलं, तरी जेवायच्या वेळी उठतं. रिक्षावाला धंद्यावर गेला, काका जेवून वामकुक्षीला गेले. इमारत शांत झाली. मी यांना मऊ भात भरवला. खिडकीतून ऊन येत होतं आणि पापण्या पुन्हा जड होत होत्या. डॉक्टर संध्याकाळी येणार. तोपर्यंत आम्ही दोघंच.

मी शेजाऱ्यांच्या भानगडी सांगितल्या. "हं." मुलीचे मार्क सांगितले. "हं." "सायकल कुठंय?" यांनी विचारलं, मी सांगितलं, "बरं" म्हणाले आणि मान टाकली. मनात मी त्यांना घेऊन मुंबईच्या वाटेवर होते. शिळफाट्याला ट्रक अडकले असले तर? कळव्याच्या पुलावर अडकलो तर? वाटेत उलटी झाली तर? आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, तो रिक्षावाला म्हणाला ते मला पटलं. टोपीनेच पाडलं तुम्हाला."

डोळे किलकिले झाले. "तू म्हणतेस हे?"

"मी म्हणते. इतकी वर्षं सायकल चालवलीत, उघड्या डोक्याने, एकदा तरी पडलात? टोपी घातली आणि पडलात. आणखी काय पुरावा पाहिजे?"

ते उशीला टेकून उठून बसले. भुवईवर पट्टी होती, पण तिच्या शेजारी जुनी आठी दिसली, खराब सॅम्पल बघून पडायची ती. "अगं, असं कसं म्हणतेस? एक वेळ पडलो, ती एक घटना. एकावरून लॉट ठरवत नाहीत. आणि तडा बघ. तो तडा डोक्याला गेला असता."

"कशावरून? थर्माकोल आहे ते. चिमटीत दाबलं तरी तडकतं. डोकं त्याहून टणक असतं, तुमचं तर नक्कीच."

"म्हणून तर तडकायला हवं! तडकतं तेव्हा मार खातं ते."

मी जे म्हणत होते, त्यातलं एक अक्षर मला खरं वाटत नव्हतं. मनात मी त्या पांढऱ्या टोपीपुढे हात जोडून बसले होते, आणि तोंडाने तिलाच शिव्या घालत होते. मी म्हणाले, ते घालून माणसाला फाजील धीर येतो. म्हणाले, टेम्पोवाले हेल्मेटवाल्याला बघून जवळून जातात, याला काय होतंय म्हणून. म्हणाले, लेखात लिहिलेलं सगळं खोटं, तुम्हीच तर म्हणायचात. त्यावर ते चिडले. "मी खोटं नाही म्हणालो! मी म्हणालो, त्याने सिद्ध होत नाही. दोन्ही वेगळं आहे." आणि वर्षभर माझ्या तोंडी असलेले सगळे मुद्दे त्यांनी माझ्यावरच टाकले, एकेक करून, माझ्याहून नीट मांडून. मध्येच थांबून "सायकल कुठंय?" म्हणाले, तेव्हा मी उत्तर देऊन लगेच पुढचा वार केला. रडायला वेळ नव्हता.

अलीकडे ऐकते की डोक्याला मार लागलेल्याला झोपू दिलं तरी चालतं, फक्त लक्ष ठेवायचं. म्हणजे त्या दुपारच्या माझ्या भांडणाचा उपयोग झाला की नाही, तेही हेल्मेटसारखंच. कोणी सिद्ध करून देणार नाही. तेव्हा मात्र माझी खात्री होती की मी गप्प बसले तर हे जातील.

ऊन खिडकीतून निघून गेलं, शेजारच्या वहिनींनी चहा आणून दिला. डॉक्टर आले, टॉर्चने डोळे बघितले, बोटं मोजायला लावली. "ठीक वाटतंय. आता झोपू द्या," म्हणाले. मी विचारलं, "आणि ते सारखं तेच विचारणं?" त्यांनी खांदे उडवले. "सकाळी काय आठवतंय ते बघू. बहुतेक येतं परत."

बहुतेक! मला त्या शब्दाचा इतका राग कधी आला नव्हता.

हे लगेच झोपले. मी श्वास ऐकत बसले. दिवसभर मी बोलून बोलून त्यांना धरून ठेवलं होतं, आता धरायला काही नव्हतं. झोपलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. तडकलेलं हेल्मेट मी कपाटावर ठेवलं, मग उतरवून मांडीवर घेतलं, मग पुन्हा वर ठेवलं. कधी तरी माझाही डोळा लागला असावा.

जाग आली तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं, खाली बादल्यांचे आवाज येत होते. हे जागे होते, छताकडे बघत पडलेले.

"सायकल..." ते म्हणाले.

कालचं सगळं पुसलं गेलं होतं. मी उठून त्यांच्या कॉटपाशी गेले.

"सायकल त्या रिक्षावाल्याकडेच आहे ना अजून? पुढचं चाक बदलावं लागेल," ते म्हणाले. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आणि तुझं ते कालचं. टोपी घातली म्हणून पडलो. सॅम्पल एकच होतं गं तुझं."

मी "रिजेक्ट करा," म्हणाले, आणि तोंडात पदर कोंबून रडत राहिले.