लाल म्हणजे नवं

नॉटिंगहॅमच्या ऑफिसात मला मिळालेलं पहिलं काम झाडलोटीचं होतं. हातात केरसुणी नव्हती, एवढाच फरक. लेस विणायची एक जुनी फॅक्टरी होती, तिची लायब्ररी करायची होती, आणि तिचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल माझ्याआधी चार-पाच जणांच्या हातून गेलेलं होतं. प्रत्येकानं जाताना आपला पसारा मागे ठेवलेला. नुसत्या भिंतींचेच कितीतरी लेयर: ‘वॉल’, ‘वॉल न्यू’, ‘वॉल रियली न्यू’, ‘वॉल डोंट यूज’. एका महाभागानं ‘नंतर बघू’ अशा अर्थाचा लेयर करून त्यात बेसिनांपासून बागेतल्या बाकापर्यंत वाट्टेल ते कोंबलं होतं. ड्रॉइंग्ज कॉन्ट्रॅक्टरकडे जाण्याआधी हे सगळं निवडून, नीट नावं देऊन लावायचं, असा मला हुकूम होता.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही आधी अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करतो आणि मग तिच्यातून प्लॅन, सेक्शन कापून काढतो. तिचा प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या लेयरवर असतो. राहणाऱ्या भिंती एकावर, पाडायच्या दुसऱ्यावर, नव्या तिसऱ्यावर. हवा तो लेयर चालू करायचा, नको तो बंद. शिवाय आणखी एक सोय होती. काही लेयर पडद्यावर दिसतात, पण प्रिंटला जात नाहीत. मापं घेताना लागणाऱ्या रेघा, स्वतःपुरत्या खुणा अशा लेयरवर ठेवायच्या. काम करणाऱ्याला त्या दिसतात, कागदावर त्यांचा मागमूस नसतो.

मी स्वतः तेव्हा जवळजवळ अशाच लेयरवर होते. नवऱ्याच्या कंपनीचं प्रोजेक्ट नॉटिंगहॅमला होतं आणि ते दर थोड्या महिन्यांनी वाढायचं. ‘या वेळी नक्की संपणार’ म्हणून आम्ही सोफा घेतला नाही, पडदे शिवले नाहीत, बॅगा कपाटावर होत्या त्या तिथेच राहिल्या. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसात मोठ्या अक्षरात ‘डिपेंडंट’ लिहिलेलं. पुण्यात माझं मैत्रिणीबरोबर स्वतःचं ऑफिस होतं. गवंड्यांशी, कॉर्पोरेशनशी, वेळ पडली तर गिऱ्हाइकाशीही भांडायची मला सवय होती. इथे दिवसभर घरात बसून मी वॉशिंग मशीनशी भांडायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, “तू नोकरी बघ बाई.”

नोकरी मिळाली ती ट्रायलवर. काम पसंत पडलं तर पुढे कायम, नाहीतर पुन्हा घर आणि वॉशिंग मशीन. मला ती नोकरी हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. नवऱ्याच्या प्रोजेक्टबरोबर वाढणारी-संपणारी नसलेली एक तरी गोष्ट माझ्याजवळ असावी, असं वाटत होतं. त्यामुळे मी सारखी अस्वस्थ असायची. ट्राम नुकतीच सुरू झाली होती, तीत बसायला जागा असली तरी मी दाराशी उभी राहायची.

आमचा टीम लीडर एडिनबराचा, म्हणजे स्कॉटलंडचा. मी घरी त्याला एडिनबराकर म्हणायची. उंच, कमी बोलणारा, आणि बोललाच तर ‘र’ असा घोळवणारा की मला दोनदा विचारावं लागे. पहिल्या दिवशी मी त्याला सर म्हटलं तर त्यानं मागे वळून दुसरं कोणी आलंय का पाहिलं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, ते कोणी काढलं त्याची आद्याक्षरं घालायची एक चौकट असते. ट्रायलवरच्या लोकांनी तिथे आपली अक्षरं घालायची नाहीत, अशी ऑफिसची रीत होती. मी काढलेल्या ड्रॉइंगवर एडिनबराकरची अक्षरं जात. तो याला शिस्त म्हणे. मला दरवेळी ती चौकट बघून चीड यायची.

त्या फॅक्टरीत एकच गोष्ट मला मनापासून आवडली होती. लाकडी जिना. वळत वर जाणारा, कठडा हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. त्याचं माप घ्यायला मी आणि एडिनबराकर गेलो होतो, आणि टेप धरून मी एकेक पायरी चढले होते. एवढ्या बायका रोज याला धरून कामावर चढत असतील, असा विचार मनात आला आणि उगाचच बरं वाटलं. जिना राहणार होता. काही पायऱ्यांना नवं लाकूड आणि कठड्याची डागडुजी, एवढंच करायचं होतं.

लेयर मी असे लावले की एडिनबराकरनं स्क्रीनकडे बघून चक्क “गुड” म्हटलं. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे हारतुरेच. एरवी आमची ड्रॉइंग्ज काळी-पांढरी जायची, पण या वेळी साइटवाल्यांनी रंगीत मागितली. मी रंग भरले. एडिनबराकरनं काळ्या-पांढऱ्या प्रतीवर मापं तपासून सही केली, आणि ड्रॉइंग्ज गेली.

पाडापाडी सुरू व्हायच्या दिवशी आतले फोटो काढायला मी एकटीच साइटवर गेले. हेल्मेट सारखं डोळ्यांवर येत होतं आणि ते चकाकतं जाकीट गुडघ्यांपर्यंत. मुकादम दारातच भेटला. “मॉर्निंग, मी डक,” म्हणाला. हे ‘मी’ म्हणजे ‘माय’. नॉटिंगहॅमला सगळे सगळ्यांना लाडानं ‘माझ्या बदका’ म्हणतात. सुरुवातीला बसच्या ड्रायव्हरनं मला बदक म्हटलं, असं घरी येऊन मी संतापून सांगितलं होतं आणि नवरा हसला म्हणून त्याच्याशीही भांडले होते.

आत गेले तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर लाल स्प्रेनं भलीमोठी फुली मारलेली. कठड्यावर दुसरी. दोन माणसं पहारी घेऊन उभी होती.

“हे काय?” मी विचारलं.

“जिना. आज निघतोय.”

“जिना राहणार आहे!”

मुकादमानं शांतपणे ड्रॉइंग उघडून माझ्यासमोर धरलं. “लाल आहे, मी डक. रेड इज कमिंग डाउन.”

जिना लालच होता. मीच केला होता. त्यावर नवं काम होतं म्हणून तो मी नव्या कामाच्या लेयरवर टाकला होता, आणि नवं काम म्हणजे लाल. यात विचार करण्यासारखं काही आहे हेच मला कधी सुचलं नव्हतं. पुण्यात कॉर्पोरेशनला नकाशा द्यायचा तर जुनं बांधकाम निळं, नवं लाल आणि पाडायचं ते पिवळं. कॉलेजात हाताने रंग भरायचो तेव्हापासून हे बोटांत मुरलेलं. लेयरचं नाव मी बरोबर दिलं होतं, पण लेयरचं नाव कागदावर छापून येत नाही. कागदावर फक्त रंग येतो.

“आणि पिवळ्या भिंती?” मी घाबरत विचारलं.

“त्या सांभाळायच्या ना? हायलाइटरनं मार्क केल्यासारख्या वाटल्या.”

म्हणजे पाडायच्या भिंती ते जपणार होते आणि जपायचा जिना पाडणार होते. मी सांगून पाहिलं. तो नम्रपणे म्हणाला, की माझ्याकडे सही केलेलं ड्रॉइंग आहे, त्यावर तुझं नाव नाही, तुझ्या सांगण्यावरून मी काम कसं थांबवू? त्याचं बरोबरच होतं. त्यानं त्या माणसांना मान हलवून खूण केली. मला दुसरं काही सुचेना. मी जाऊन जिन्यावर बसले, फुलीवरच. रंग ओला होता.

“ओह, डक,” मुकादम म्हणाला, आणि त्यानं ड्रॉइंगवरची अक्षरं बघून एडिनबराकरला फोन लावला.

तो येईपर्यंत मी उठले नाही. पहारवाल्यांपैकी एकानं मला चहा आणून दिला, तो पीत बसले. गेली नोकरी, हेच डोक्यात घोळत होतं. संध्याकाळी नवऱ्याला काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवत होते.

एडिनबराकर आला. त्यानं फुली पाहिली, ड्रॉइंग पाहिलं, मग मला पाहिलं. आणि मुकादमाला म्हणाला, “ड्रॉइंगवर माझी अक्षरं आहेत. चूक माझी. सुधारून येईपर्यंत कशाला हात लावू नका.”

मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात सणक गेली. इतके दिवस काम माझं आणि अक्षरं त्याची, हे मी मुकाट्यानं सोसलं. आता चूकसुद्धा माझ्या नावावर नाही!

गाडीत बसल्या बसल्या मी म्हटलं, “ती चूक माझी होती.”

“ठाऊक आहे.”

“मग तसं सांगायचं होतं.”

“तू ट्रायलवर आहेस. तुझं नाव घेतलं असतं तर वरच्यांनी उद्याच तुला घरी पाठवलं असतं.”

“घरी म्हणजे कुठे?” मी विचारलं. आवाज चढला होता आणि डोळेही भरून आले होते. दोन्हींचा मला राग आला.

थोडं अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, “लाल का केलास?” मी कॉर्पोरेशनचे रंग सांगितले. त्यानं नीट ऐकून घेतलं.

“पिवळं म्हणजे पाडायचं? हे कोणाच्या डोक्यातून निघालं?”

“तुमच्याच लोकांनी भारतातून जाण्याआधी शिकवलं असेल.”

“माझ्या लोकांनी नाही,” तो म्हणाला. “ते इंग्लिश लोक.”

तो हसला नाही. मी मात्र नाक पुसत हसले.

ऑफिसात गेल्यावर मी ड्रॉइंग सुधारायला बसले. जिना नव्या कामाच्या लेयरवरून उचलून ‘एक्झिस्टिंग, टू बी रिटेन्ड’वर टाकला, म्हणजे आहे ते ठेवायचं. नव्या लाकडाचे फक्त तुकडे नव्या लेयरवर ठेवले. रंग बदलले. कोपऱ्यात कुठला रंग म्हणजे काय याचा तक्ता घातला. एडिनबराकर मागे उभा राहून बघत होता. सगळं झाल्यावर त्यानं त्या चौकटीवर बोट ठेवलं.

“इथे तुझी अक्षरं घाल. वरच्यांशी मी बोलतो. पुढच्या वेळी फोन तुला येऊ दे.”

एवढं बोलून तो चहा आणायला गेला. त्या चौकटीसाठी मी इतके दिवस धुमसत होते, आणि आता ती समोर आली तर बोटं थांबली. कुठली अक्षरं? आपल्याकडे नाव तीन मजली. पासपोर्टवर आणि ऑफिसच्या पगारपत्रकात माझं नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं आडनाव. डिग्रीवर आणि पुण्यातल्या प्रत्येक ड्रॉइंगवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. व्हिसासाठी पासपोर्ट नवा केला तेव्हा घाई होती आणि मी मागचा-पुढचा विचार न करता फॉर्म भरला होता. मी पुण्यातली तीन अक्षरं घातली.

एडिनबराकर कप घेऊन परत आला. वाकून बघितलं.

“ही कोण?”

“मीच.”

“पगार हिला मिळत नाही.”

“एक्झिस्टिंग आहे,” मी म्हणाले. “टू बी रिटेन्ड.”

त्यानं चहाचा एक घोट घेतला. “लाल करू नकोस म्हणजे झालं,” म्हणाला, आणि प्रिंटचं बटण त्यानंच दाबलं.

एक जादा प्रत मी घरी नेली. सोफा नव्हता म्हणून आम्ही गालिच्यावर पसरून बघितली. रोज संध्याकाळी माझं लेयर-पुराण ऐकून नवऱ्याला त्यातलं बरंच कळायला लागलं होतं. त्यानं जिना बघितला, रंगांचा तक्ता बघितला, आणि मग कोपऱ्यातल्या तीन अक्षरांशी येऊन थांबला.

“यात मी कुठे आहे?” तो म्हणाला. हसत म्हणाला, पण पुरता हसत नव्हता.

“तू वेगळ्या लेयरवर आहेस.”

“चालू की बंद?”

“चालू,” मी म्हणाले. “फक्त प्रिंटला जात नाहीस.”